जोडी आहे, पण मादी तयार आहे का?

वाचकाचं पत्र, देवगड तालुक्यातून:

«माझ्याकडे कॉर्न स्नेकची जोडी आहे. मादी सव्वादोन वर्षांची, वजन २६० ग्रॅम, लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, रंगाने ॲमेल (काळा रंग नसलेली, लाल-नारिंगी). नर वीस महिन्यांचा, १९० ग्रॅम, साध्या रंगाचा. आणल्यापासून, म्हणजे वर्षभर, दोघं एकाच मोठ्या पेटीत आहेत. भांडण नाही, खाणं व्यवस्थित. आता दिवाळी झाली, उन्हाळ्यात पिल्लं घ्यावीत असा विचार आहे. थंडीत त्यांना दोन महिने फ्रीजमध्ये ठेवावं लागतं असं ऐकलं. आमच्याकडे थंडी कुठली पडायला! तर फ्रीजचं काय करू, आणि यंदा पिल्लं मिळतील का?»

नमस्कार.

यंदा नको. तुमची मादी येत्या नव्हे, त्यापुढच्या उन्हाळ्याला तयार होईल, आणि तोवरचा वेळ वाया जाणार नाही, कारण तुमच्या घराचीही तयारी व्हायची आहे. फ्रीज मुळीच नको. घरचा फ्रीज ३ ते ५ अंशांवर चालतो आणि तेवढ्या थंडीत कॉर्न स्नेक मरतो. पण या दोन्हींच्या आधी एक काम आजच करा: दोघांना वेगळ्या पेट्यांत ठेवा.

भांडण नसणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे. साप एकटा राहणारा प्राणी आहे. एका पेटीत दोन ठेवले की उबेची आणि लपायची चांगली जागा एकाकडे जाते, उलटी कुणी केली, विष्ठा कुणाची पातळ, हे कळत नाही. तुमच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण म्हणजे नर दीड वर्षाचा झाला की तो जोडी लावू शकतो, आणि तो तुमच्या विचाराची वाट बघत नाही. मादी नराचं वीर्य शरीरात काही महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे आज वेगळं केलं तरी येत्या मार्च ते जूनमध्ये ती अंडी घालेल ही शक्यता धरून चाला. नर नसतानाही काही माद्या पोकळ अंडी घालतात. म्हणून अंड्यांची पेटी कशी करायची ते खाली लिहिलं आहे, ते यंदाही लागू शकतं.

आता तयारी कशी ओळखायची. पाळणाऱ्यांमध्ये तीनाचा हिशेब चालतो: मादी तीन वर्षांची, तीन फुटांची, तीनशे ग्रॅमची. हिशेब उपयोगी आहे, पण तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात, आणि त्याही किमान म्हणून. तुमची मादी लांबीला पास आहे. वयाला आणि वजनाला नाही. येत्या एप्रिलमध्ये ती पावणेतीन वर्षांच्या आत-बाहेर असेल. भरपूर खाऊ घालून वजन तीनशेवर नेता येईल, आणि नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. घाईने चढवलेलं वजन चरबीचं असतं. अंडी बाहेर ढकलायला स्नायू लागतात, चरबी तिथे कामाची नाही, उलट वाटेत येते.

मादीला हातावर घेऊन वरून बघा. अंगाचा आडवा छेद वरून गोलसर आणि खाली सपाट हवा. पाठीचा कणा धारदार उठून दिसत असेल तर ती हडकलेली आहे. गुदद्वाराच्या थोडं आधी दोन्ही बाजूंना फुगवटे आले असतील, किंवा ती वळताना खवल्यांच्या मधली कातडी ताणून दिसत असेल, तर चरबी जास्त आहे. हातावरून सरकताना तिची पकड घट्ट लागली पाहिजे. लोंबकळणारी, हातातून ओघळणारी मादी वजनकाट्यावर कितीही भरली तरी तयार नाही.

२६० ग्रॅमच्या मादीला दर आठ ते दहा दिवसांनी एक मोठा उंदीर, २० ते २५ ग्रॅमचा, पुरतो. एका मोठ्याऐवजी आठ-दहा पिंकी (उंदराची नुकती जन्मलेली, बिनकेसांची पिल्लं) देणारे पुष्कळ आहेत. ते करू नका. नुकत्या जन्मलेल्या पिंकीची हाडं तयार झालेली नसतात, म्हणून तिच्यात कॅल्शियम कमी असतं, आणि अंड्याच्या कवचाला ते लागतं. पूर्ण वाढलेला अख्खा उंदीर खाणाऱ्या मादीला वेगळी कॅल्शियमची पावडर सहसा लागत नाही. घरात किंवा बागेत पकडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्याच्या पोटात उंदरांचं औषध असू शकतं, आणि लेप्टोची भीती कोकणात कुणाला सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. वर्षभरात हळूहळू ३३० ते ३५० वर गेली तर उत्तम.

आणखी काही गोष्टी असतील तर वय-वजन बसूनही मादी बाजूला ठेवायची: गेल्या सहा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा खाल्लेलं उलटून पडलं असेल, तोंडाला फेस किंवा श्वासाला घरघर झाली असेल, अंगावर गोचिड-माइट्स असतील, किंवा कणा कुठे वाकडा असेल. वारंवार उलटी आणि पोटाच्या मधोमध कायमची सूज हे क्रिप्टो नावाच्या परजीवीचं लक्षण असू शकतं. तो दुसऱ्या सापाला लागतो आणि त्यावर भरवशाचा इलाज नाही. विष्ठेची तपासणी जोडी लावण्याआधी दोघांचीही करून घ्या.

नराला कमी लागतं. दीड-दोन वर्षं आणि १५० ग्रॅमच्या पुढे गेलेला, नीट खाणारा नर चालतो; तुमचा चालेल. फक्त तो खरोखर नर आहे याची खात्री करा. दुकानात जोडी म्हणून दिलेली जोडी जोडीच निघेल असं नाही. नराची शेपटी गुदद्वारानंतर काही अंतर जाडच राहते आणि सावकाश निमुळती होते. मादीची तिथून लगेच बारीक होते. पक्की खात्री प्रोबने, म्हणजे गुदद्वारातून आत घालायच्या बारीक बोथट सळईने होते. नरात प्रोब शेपटीच्या दिशेने साधारण आठ ते बारा खवल्यांइतका आत जातो, मादीत तीन-चार. हे काम जाणकाराकडून किंवा डॉक्टरांकडूनच करून घ्या; अनाड्याच्या हातून आतली कातडी फाटते आणि नर कायमचा निकामी होतो.

रंगाचं एका वाक्यात: ॲमेल हा गुण दडून राहणारा आहे, म्हणून तुमच्या मादीला हा नर लावला आणि त्याच्यात तो गुण दडलेला नसला, तर एकही पिल्लू लाल-नारिंगी होणार नाही, सगळी साध्या रंगाची होतील. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घेतली असतील तर ती भावंडं आहेत का तेही विचारा. सख्खी असतील तर दुसरा नर शोधा.

आता थंडीचा प्रश्न. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याच्या उत्तरेकडच्या मुलखात तो हिवाळाभर जमिनीखाली निपचित पडून राहतो, म्हणून तिथले पाळणारे त्याला दोन ते तीन महिने १० ते १५ अंशांत ठेवतात. पण दक्षिण फ्लोरिडात अशी कडक थंडी नसते आणि तिथेही तो पिल्लं देतोच. पूर्ण शीतनिद्रा अनिवार्य नाही. थंडीने नराचं वीर्य सुधारतं आणि दोघांचं वेळापत्रक जुळतं, एवढा फायदा आहे.

देवगडला जानेवारीतल्या पहाटेही पारा १८-२० च्या खाली क्वचित जातो आणि दुपारी तीसच्या वर असतो. काहीजण एसी लावून खोली महिनाभर २० अंशांवर ठेवतात आणि साप ‘झोपला’ म्हणून खाणं बंद करतात. हे सर्वांत वाईट. २० अंशांत शरीर पुरतं मंदावत नाही, साप आतल्या साठ्यावर जगत राहतो आणि वजन उतरतं. शिवाय प्रतिकारशक्ती दबते आणि आपल्या दमट हवेत छाती धरते. पहिल्या खेपेला, म्हणजे यंदा नव्हे तर पुढच्या थंडीत, तुम्ही सौम्य मार्ग घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खोलीतला उजेड रोज आठ-नऊ तासांवर आणा, हीट मॅट रात्री बंद ठेवा, दिवसा उबेची जागा २८ अंशांवर चालू राहू द्या. खाणं बंद करू नका, निम्म्या आकाराचा उंदीर बारा-चौदा दिवसांनी द्या. पाणी कायम. दिवसाची ऊब ठेवायचीच, कारण पोटात उंदीर असताना अंग सतत गार राहिलं तर तो पचायच्या आधी सडतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून उजेड बारा तासांवर न्या आणि मादीला दर सहा-सात दिवसांनी पूर्ण खाणं द्या. इथून पुढचं घड्याळ मादीच्या कातेवर चालतं. साधारण चार ते सहा आठवड्यांत ती कात टाकते, आणि त्या कातेनंतरचे काही दिवस तिच्या अंगाला नराला खेचणारा वास येतो. त्याआधी मार्चपासून तिला अंगठा आणि तर्जनीच्या सैल कडीतून सावकाश सरकू द्या. पोटाच्या मागच्या निम्म्या भागात माळेतल्या मण्यांसारखी गुळगुळीत गोटोळी बोटाला लागली तर अंडाशय कामाला लागलं आहे. दाबून शोधू नका. काही लागलं नाही तर ती त्या वर्षी तयार नाही, वही बंद.

हे वेळापत्रक मुद्दाम उशिराचं ठेवलं आहे. फेब्रुवारीत जोडी लावली तर अंडी मार्चअखेरीस येतात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात उबतात. अंड्यांना २६ ते २८ अंश हवेत. ३१-३२ च्या वर दिवसेंदिवस राहिली तर पिल्लांचे कणे वाकडे होतात किंवा ती आतच मरतात. तुमच्याकडे अंडी गार करणं अवघड आहे, उबवणं सोपं. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जोडी लावली की अंडी मेअखेरीस येतात, आणि पाऊस लागल्यावर जून ते ऑगस्ट जांभ्या दगडाच्या घरातलं माजघर आपसूक २५ ते २८ अंशांत असतं. पत्र्याखालच्या खोलीत मात्र साप आणि अंडी दोन्ही ठेवू नका. मेमध्ये तिथे पारा ३५ च्या वर जातो. गाभण मादी त्यात खाणं सोडते, आणि नराचं वीर्यही बिघडतं. साधं कमाल-किमान तापमान दाखवणारं यंत्र आजपासून त्या खोलीत लावा, म्हणजे वर्षभराचे खरे आकडे हाती येतील.

जोडी लावताना मादीला नराच्या पेटीत सोडा, उलट नाही. नर आपल्या जागेत बिनधास्त असतो. आदल्या दोन दिवसांत दोघांनाही खाऊ घालू नका. नर अंगाला झटके देत तिच्या पाठीवरून सरकू लागला की लक्षात येतंच. जोड दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. त्या वेळी ओढून वेगळं केलं तर नराला जखम होते, म्हणून हात लावू नका आणि उजेडही कमी ठेवा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन ते चार वेळा भेट घडवा, प्रत्येक वेळी काही तासांनी वेगळं करा. मादी शेपटी आपटत पळतच असेल तर चार दिवसांनी पुन्हा बघा. (बांधावर दोन धामणी उभ्या राहून पिळे घालताना दिसल्या की नर-मादी लागले म्हणतात, ते दोन नर झुंजत असतात. त्यावरून कॉर्न स्नेकच्या जोडीचा अंदाज बांधू नका.)

यानंतर पाच ते सहा आठवडे. मादी उबेच्या बाजूला पडून राहते, मागचा भाग भरतो, शेवटी खाणं सोडते. मग एक कात पडते. तिच्यानंतर साधारण आठ ते चौदा दिवसांत अंडी. कात दिसली त्याच दिवशी अंड्यांची पेटी ठेवा: मादी वेटोळं करून आरामात मावेल असा झाकणाचा डबा, झाकणाला तिच्या जाडीच्या दीडपट भोक, आत चार बोटं ओलसर स्फॅग्नम मॉस किंवा धुतलेलं कोकोपीट. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी टपकू नये. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुवा, त्यात कधीकधी मीठ असतं. ही पेटी नसेल तर मादी पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून मरतात, किंवा जागा न मिळाल्याने अंडी धरून ठेवते.

अंडी अडकणं हा यातला खरा धोका, आणि कोवळ्या, हलक्या किंवा लठ्ठ मादीला नको म्हणतो ते याचसाठी. पहिल्या वेतात साधारण आठ ते पंधरा अंडी, पुढे वीस-पंचवीसही. सगळी एका दिवसाच्या आत यायला हवीत. काही आली आणि थांबली, पोटात गोटे दिसतात, आणि ४८ तास गेले, तर डॉक्टर. कातेनंतर वीस दिवस उलटूनही एकही नाही, तरी डॉक्टर. सुरुवातीला इंजेक्शनने काम होऊ शकतं, उशीर झाला की शस्त्रक्रिया. बाहेरून दाबून अंडं काढायचा प्रयत्न केलात तर आतली नळी फाटेल. गावच्या गुरांच्या डॉक्टरांना सापाचा अनुभव असेलच असं नाही, आणि देवगडहून कोल्हापूर, पुणे किंवा गोवा गाठायला निम्मा दिवस जातो. सापांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, त्यांचा नंबर काय, ते रविवारी भेटतात का, हे जोडी लावण्याआधी बोलून ठेवा.

अंडी चोवीस तासांच्या आत काढा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. ती बाजू शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे, कारण गर्भ आतून चिकटतो आणि अंडं उलटलं तर गुदमरतो. एकमेकांना चिकटलेली सोडवू नका. अंधारात मोबाईलचा टॉर्च लावल्यावर लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. पिवळं, मेणचट, आक्रसलेलं अंडं पोकळ. डब्यात वर्मिक्युलाइट (पाणी धरणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने समसमान, २०० ग्रॅमला २०० ग्रॅम, घालून अंडी अर्धी रुतवा. झाकण हवाबंद नको. आठवड्यातून एकदा उघडून वारा द्या. झाकणावरचं पाणी अंड्यांवर ठिबकलं की बुरशी धरते. ५५ ते ६५ दिवस लागतात.

उबवण्यासाठी मासळीचा जाड थर्माकोलचा खोका पुरतो, साबणाने धुऊन उन्हात वाळवलेला. तळाशी पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवा, वर अंड्यांचा डबा, थर्मोस्टॅट २७ अंशांवर. वीज गेली की त्या बाटल्या तापमान काही तास धरून ठेवतात. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाचा किनारा झोडपून गेलं, आणि जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा अंड्यांपेक्षा मोठी चिंता सापांच्या खाण्यासाठी फ्रीझरमध्ये साठवलेल्या उंदरांची. वितळलेले पुन्हा गोठवून देऊ नका. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त साठा ठेवू नका.

अंडी घातल्यावर मादीचं वजन एक-तृतीयांशापर्यंत उतरतं. पेटी धुवा, तिला कोमट पाण्याने पुसून अंड्यांचा वास घालवा, दोन-तीन दिवसांनी छोटा उंदीर आणि मग दर पाच दिवसांनी. मूळ वजन भरून येईपर्यंत नर जवळ नको. साठवलेल्या वीर्यावर ती दुसरं वेतही घालू शकते, म्हणून दोन महिने लक्ष ठेवा.

कागदपत्रं. भारतीय साप, अगदी बिनविषारी दिवड किंवा धामणसुद्धा, वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाहीत. कॉर्न स्नेक परदेशी आहे आणि सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) याद्यांत नाही, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीने आलेली नोंदणी, जी त्या याद्यांतल्या जातींसाठी आहे, ती थेट त्याला लागत नाही. तरी खरेदीची पावती आणि मूळ कुठून आलं याचा कागद जपा, आणि पिल्लं विकायचा विचार असेल तर आधी वन खात्याकडून लेखी उत्तर घ्या. पिल्लू कधीही बाहेर सोडायचं नाही.

निसटलेला साप हा कोकणात वेगळाच प्रश्न आहे. पाठीवर तांबूस ठिपके असलेला कॉर्न स्नेक शेजाऱ्याला घोणस वाटतो आणि काठीखाली जातो. उलटही होतं: आपलाच साप म्हणून कोपऱ्यातला साप उचलायला जावं आणि ते फुरसं निघावं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत फुरसं कुठेही असू शकतं. पेटीबाहेर दिसलेल्या कुठल्याही सापाला, खात्री होईपर्यंत, हात लावायचा नाही. लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. घरातल्यांनाही हे आजच सांगा.

अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा ते आठ ग्रॅमचं, पेन्सिलीहून बारीक असतं आणि पाच-सहा मिलिमीटरच्या फटीतून जातं. म्हणून हवेची भोकं तीन मिलिमीटरची, आणि प्रत्येकाला वेगळा डबा. पहिली कात सात ते दहा दिवसांत पडते. त्याआधी खाऊ घालू नका. नंतर एक-दीड ग्रॅमची सर्वांत लहान पिंकी, कोमट करून, संध्याकाळी लहान डब्यात पिल्लासोबत ठेवून रात्रभर हलवू नका. नाकारली तर चार-पाच दिवसांनी पुन्हा. मग पिंकीचं डोकं टोचून वास सुटू द्या. घरची पाल पकडून तिचा वास लावायचा सल्ला ऐकाल. जंगली पालीबरोबर तिचे जंतही येतात, तो टाळा.

बारा पिल्लं म्हणजे बारा डबे, आणि ती विकली जाईपर्यंत दर पाच-सहा दिवसांनी बारा पिंक्या. तीन वेळा स्वतःहून खाल्ल्याशिवाय पिल्लू कुणालाही देऊ नका. घ्यायला खरोखर तयार असलेली माणसं मोजा, नुसते «बघू» म्हणणारे सोडून. चारच निघाली तर पाच अंडी उबवा आणि बाकीची घातल्या दिवशीच डीप फ्रीजमध्ये टाका. गर्भ वाढण्याआधी हे केलेलं बरं. येत्या उन्हाळ्यात ती नकळत गाभण निघाली तरी हाच हिशेब धरा.